सगळ्यांना वीसपैकी बारा

आमच्या बाईंसमोर 'बाहेरून' हा शब्द काढायची सोय नव्हती. मी तो पहिल्याच रविवारी काढला.

चाकणला हमरस्त्यालगतच्या एका कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं. रविवारी सकाळी कॉलेजची पोरं नसायची, तेव्हा आमचे वर्ग भरायचे. पहिल्या दिवशी प्रत्येकानं उठून नाव, गाव आणि काम सांगायचं होतं. मी उठलो आणि म्हणालो, मूळचा परभणीचा, महाळुंग्यात वायरिंगच्या कंपनीत स्टोअरला आहे आणि बाहेरून बी.ए. करतोय.

बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या, त्या थांबल्या आणि वळल्या.

"बाहेरून म्हणजे कुणाच्या बाहेरून?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही दारातून आत आलात, बाकावर बसलात, तुमचं नाव विद्यापीठाच्या पटावर आहे. मग बाहेर कोण आहे?"

मी खाली बसलो. बाई मात्र तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आपल्यावर फारच चिडल्या. पुढं चार-सहा महिन्यांनी लक्षात आलं, की त्या दिवशीचा राग माझ्यापर्यंत आलाच नव्हता. तो माझ्या डोक्यावरून कुठंतरी लांब गेला होता. ज्यांनी हा शब्द माझ्या तोंडात घातला, त्यांच्याकडं.

बाईंना राग फार लवकर यायचा आणि गेला असं कधी दिसायचं नाही. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, खळ केलेली सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. निगडीहून दोन बस बदलून यायच्या. खडू आणि डस्टर स्वतःच्या पिशवीतून आणायच्या, कारण रविवारी कॉलेजचं खडूचं कपाट बंद असायचं. एकोणीस वर्षांच्या हेल्परपासून पन्नाशीच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना अहोजाहो करायच्या. आयुष्यात मला आदरानं हाक मारणारी ती पहिली शिक्षिका. कंपनीत आम्ही 'ए स्टोअर' होतो.

तिसरी पाळी संपवून पोरं थेट वर्गावर यायची आणि दहाव्या मिनिटाला बाकावर डोकं टेकायची. बाईंचा नियम होता, झोपलेल्याला उठवायचं नाही. त्या आवाज थोडा खाली आणायच्या आणि शिकवत राहायच्या. वर्ग सुटल्यावर त्या माणसाशेजारी बसून, त्याची झोप चाळवली की राहिलेलं सांगायच्या. एकदा एका नव्या मुलानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं, तर बाई त्याला म्हणाल्या, "ते रात्रभर उभे होते. तुम्ही रात्री काय करत होता?"

लाल पेन त्या वापरत नसत. त्याचं कारण आम्हीच होतो. कुणीतरी बोलता बोलता सांगितलं, की कंपनीत खराब निघालेला माल लाल ट्रेमध्ये टाकतात, त्यावर लाल खूण करतात आणि ज्याच्या हातून तो गेला त्याला सगळ्यांसमोर तिथं उभं करतात. पुढच्या रविवारी बाई हिरवं पेन घेऊन आल्या. 

बाईंचं स्वतःचं शिक्षण असंच झालं होतं. तरुणपणी त्या पिंपरीत एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायच्या कामावर होत्या. पोस्टानं येणारी पुस्तकं वाचून बी.ए. झाल्या, मग एम.ए. झाल्या, मग पुण्यात एका कॉलेजात मराठी शिकवायला लागल्या. तिथले सहकारी त्यांना पाठीमागं 'पोस्टातल्या बाई' म्हणायचे. त्यांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं, तेही अगदी कोरडेपणानं. वीस वर्षं त्या स्टाफरूममध्ये बसल्या आणि वीस वर्षं ते नाव टिकलं. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात; बाई आमच्या केंद्रावर आल्या.

आणि केंद्र कसं होतं, तेही सांगायला हवं. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असायचं, ज्ञानगंगा घरोघरी पोचवणार, वंचितांपर्यंत शिक्षण नेणार. आणि आम्ही वंचित लोक दारात पोचलो की कळायचं, रविवारी पाण्याचा कूलर बंद असतो, पंख्याचं बटण वरून बंद केलेलं असतं आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं. का, तर ते कॉलेजच्या मुलींसाठी आहे. आमच्या वर्गात चौदा बायका होत्या. कुणी दोन तासांचा प्रवास करून आलेली, कुणाच्या कडेवर मूल. त्या सकाळपासून पाणी न पिता यायच्या. हे बाईंना कळलं, तेव्हा त्यांनी हजेरीचं पुस्तक उचललं, सगळा वर्ग उठवला आणि त्या कुलूपबंद दारासमोर उभ्या राहून शिकवायला सुरुवात केली. सव्वा तास. तिथला वास, दारातलं सांडपाण्याचं डबकं, सगळं तसंच. शेवटी बबनमामा चावी घेऊन आले. ते कॉलेजचे शिपाई, तिथल्याच जुन्या गावातले. चावी देताना हळूच म्हणाले, "बाई, मी दिली म्हनू नका. पन हे आधीच व्हायला पायजे व्हतं." त्यानंतर त्या दाराला रविवारी कुलूप लागलं नाही. केंद्राच्या संयोजकांनी मात्र बाईंचं नाव त्या दिवशी मनात कुठंतरी लिहून ठेवलं असणार.

संयोजक म्हणजे त्याच कॉलेजातले एक प्राध्यापक. गोड बोलायचे. आमच्या वर्गावर कधी आले नाहीत. आमचे स्वाध्याय त्यांच्या कार्यालयात जमा व्हायचे.

स्वाध्याय म्हणजे घरी लिहून द्यायच्या वह्या. प्रत्येक विषयाला वीस गुण त्या वहीवर असायचे. आम्ही त्या वह्या कशा लिहायचो, हे कुणाला सांगून पटणार नाही. कँटीनच्या टेबलावर, बसमध्ये मांडीवर, खोलीत सहाजण झोपलेले असताना मोरीच्या कट्ट्यावर. आमच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर सविताताई होत्या, मूळच्या बार्शीकडच्या. त्या माझ्या एक वर्ष पुढं, तिसऱ्या वर्षाला होत्या. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवून उरलेल्या वीस मिनिटांत लिहायच्या. दिवसभर वायरी खोचून बोटं अशी आखडायची, की पेन धरायला आधी हात झटकायला लागायचा. लाइन लीडरची जागा निघणार होती आणि त्याला पदवी लागणार होती. सात वर्षं त्याच लाइनवर काढलेली बाई. तिला सगळं येत होतं, फक्त कागद नव्हता.

निकाल लागला. सविताताई सगळ्या विषयांत पास आणि एका विषयाच्या स्वाध्यायाला गैरहजर. म्हणजे नापास.

त्या कार्यालयात गेल्या. तिथल्या लिपिकानं सांगितलं, तुमची वही आलीच नाही. त्या म्हणाल्या, मी स्वतः वर्गाच्या गठ्ठ्यात घालून तुमच्या हातात दिली. तो म्हणाला, पावती दाखवा. पावती तो कुणालाच देत नसे. संयोजकांनी समजूत घातली, की ताई, पुढच्या वर्षी पुन्हा द्या, एकाच विषयाचा प्रश्न आहे. एक वर्ष हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता.

त्या रविवारी सविताताई वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि रडल्या नाहीत, हेच जास्त वाईट होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वही मी पाहिली होती. निळ्या पुठ्ठ्याची. जमा झालेल्या वह्या असतात कुठं?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. गंमत बघा, तीन-तीन वर्षं आम्ही वह्या देत होतो आणि त्या कुठं जातात, हे आम्हाला कुणालाच कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. माहीत होतं ते बबनमामांना. त्यांनी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीचं दार उघडून दिलं. आत बाई, सविताताई, मी आणि आणखी दोघं गेलो. मोडकी बाकं, जुने फलक, आणि भिंतीला लावून वह्यांचे गठ्ठे. सुतळीनं बांधलेले, आम्ही वर्गप्रतिनिधींनी जशी गाठ मारून दिली होती तशाच गाठी. वर धूळ.

बाईंनी पहिला गठ्ठा सोडला. वहीच्या मुखपृष्ठावर गुणांचा रकाना कोरा. दुसरी कोरी, तिसरी कोरी. आत कुठं टिंबसुद्धा नाही. माझीही वही निघाली, आदल्या वर्षीची. मला त्या विषयात वीसपैकी बारा मिळाले होते. मी दुसऱ्याला विचारलं, तुला किती. बारा. त्याच्या मित्राला बारा. आम्ही मोबाइलवर एकेकाचा निकाल उघडून बघायला लागलो. सगळ्यांना बारा. एका गड्यानं चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात, कुणी वाचतं का हे बघायला, त्याच्या कंपनीच्या कँटीनचा आठवड्याचा मेनू लिहिला होता. त्यालाही बारा. जिच्या नावापुढं बारा टंकायचं लिपिकाच्या हातून राहून गेलं, ती एकच विद्यार्थिनी गैरहजर ठरली होती. निळ्या पुठ्ठ्याची वही तिसऱ्या गठ्ठ्यात सापडली.

सविताताई वही हातात घेऊन म्हणाल्या, "म्हंजी आमी उगंच लिहीत होतो का?"

बाई मोडक्या बाकाच्या कडेवर बसल्या. इतक्या रागीट बाईला आवाज चढवताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. एवढंच म्हणाल्या, की हे गठ्ठे मी वाचणार आहे.

संयोजक दुसऱ्या दिवशी धावत आले. ही केंद्राची मालमत्ता आहे, म्हणाले. बाईंनी विचारलं, गुण तर देऊन झालेत, मग वाचायला हरकत कशाची. त्यांना वर्गखोली मिळाली नाही. मग त्या व्हरांड्यात, बंद कूलरशेजारच्या बाकावर बसून वाचायला लागल्या. रोज दोन बस बदलून यायच्या. दीडशेच्या वर वह्या. पाच आठवडे. गुण देण्याचा अधिकार नव्हता म्हणून गुण दिले नाहीत, पण प्रत्येक वहीच्या शेवटी शेरा लिहिला आणि वही ज्याची त्याला हातात परत दिली. मेनूवाल्याच्या वहीत लिहिलं होतं, 'मेनू वाचला. आठवड्यातून तीनदा वांगं म्हणजे अन्याय आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं, ते लिहून आणावे.' तो गडी ती वही अजून लोकांना दाखवतो. उत्तर त्यानं खरंच लिहून आणलं.

माझ्या वहीत मी आमच्या घरमालकाबद्दल लिहिलं होतं. महाळुंग्याचे जुने शेतकरी, जमीन कारखान्याच्या जागेत गेली आणि आता त्याच कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे असतात. मला वाटलं होतं, फार भारी लिहिलंय. बाईंचा शेरा होता, 'त्यांना काय वाटतं, हे तुम्ही ठरवून टाकलंत. त्यांना विचारलंत का? विचारून पुन्हा लिहा.' मी विचारलं. म्हातारा म्हणाला, "काय वाटायचं? आपल्याच बांधावर हुबा ऱ्हातोय, पगार बी हाय. फकस्त आत जायाचं म्हनलं तर पास लागतोय." मी ते तसंच लिहून नेलं. बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसल्या.

मग बाईंनी विद्यापीठाच्या पुण्यातल्या विभागीय केंद्रावर तक्रार केली. सविताताईंना घेऊन स्वतः गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यानं सांगितलं, की गुण पोर्टलवर भरले गेलेत, त्यात आता दुरुस्तीचा पर्याय येत नाही. बाई म्हणाल्या, पर्याय येईपर्यंत मी इथं बसते. चार तास बसल्या. शेवटी चौकशीचं लेखी आश्वासन घेऊन उठल्या.

इथपर्यंत मी ही हकीकत पुष्कळांना सांगितली आहे. पुढची फारशी सांगत नाही.

चौकशीला सात महिने लागले. तोवर लाइन लीडरची जागा भरली गेली. ज्याला ती मिळाली, त्या मुलाला वायर खोचायला सविताताईंनीच शिकवलं होतं. मी तिसऱ्या वर्षाला गेलो होतो आणि माझा प्रकल्प संयोजकांकडं जमा होता. चौकशी अधिकारी येणार त्याच्या आदल्या रविवारी संयोजक मला जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुमचा प्रकल्प माझ्या टेबलावरच आहे, बरं का. छान केलाय. बघून टाकतो." एवढंच. त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही आणि त्याची गरजही नव्हती.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. अधिकारी मध्ये, एका बाजूला संयोजक, समोर बाई आणि सविताताई. अडगळीच्या खोलीत जे पाचजण होतो, त्यांतल्या दोघांनी कंपनीत ओव्हरटाइम आहे असं कळवलं होतं. उरलो मी. अधिकाऱ्यानं विचारलं, गठ्ठे सोडले तेव्हा तुम्ही हजर होता का, त्यांवर गुण नव्हते हे तुम्ही पाहिलंत का.

मी म्हणालो, "मी तेव्हा पाणी प्यायला गेलो होतो."

सविताताईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. त्या अधिकाऱ्याच्या हातातल्या कागदाकडं बघत राहिल्या.

आमच्या वह्या बाईंनी परत वाटल्या होत्या आणि त्या घेऊन कुणी पुढं आलं नाही, त्यामुळं पुरावा म्हणून हातात एकच वही उरली, सविताताईंची. तेवढ्यापुरता निर्णय झाला. लिपिकाच्या नजरचुकीनं एका विद्यार्थिनीचे गुण भरायचे राहिले, ते भरण्यात यावेत. किती भरले असतील? बारा. ती वही तेव्हाही कुणी उघडली नाही. बाकीच्या गठ्ठ्यांचा उल्लेखसुद्धा नाही. सविताताई पदवीधर झाल्या. आणि पुढच्या वर्षीच्या समंत्रकांच्या यादीत, म्हणजे केंद्रावर शिकवणाऱ्यांच्या यादीत, बाईंचं नाव नव्हतं. कारण विचारायला गेलेल्यांना सांगण्यात आलं, की वयोमानानुसार. आता तर रविवारचे वर्गच कमी केलेत. व्हिडिओ ठेवलेत, ज्याला हवं त्यानं मोबाइलवर बघावं. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो, त्या घरातल्या बाईनं केव्हा बघायचं, हे कुणी लिहिलेलं नाही.

यादी लागेपर्यंतचे चार महिने बाई आम्हाला शिकवत होत्या. मलाही. तेच अहोजाहो, तोच शेजारी बसून समजावणं. माझ्या शेवटच्या पेपरच्या तयारीवर त्यांनी दोन रविवार घालवले. चौकशीबद्दल चकार शब्द नाही. मला ते सहन व्हायचं नाही, पण मी तोंड उघडलं नाही. प्रकल्प अजून टेबलावर होता ना.

मी पास झालो. पदवीचा कागद हातात आला तेव्हा मी रजा टाकून निगडीला गेलो. बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी कागद पाहिला, अभिनंदन केलं, आतून लाडू आणून दिला. मी तो हातात धरून बसलो आणि सांगून टाकलं. जिना, खांद्यावरचा हात, पाणी प्यायला गेलो होतो, सगळं. आणि शेवटी म्हणालो, की बाई, तुम्ही त्यानंतरही मला शिकवलंत, कधी रागावला नाहीत.

बाई म्हणाल्या, "रागावले नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? मला फार राग आला होता. अजून आहे. पण त्याचा आणि शिकवण्याचा काय संबंध? तुम्ही विद्यार्थी होता."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. आमच्याकडं असं म्हणायची पद्धत आहे. बाई उठल्या, टेबलाच्या खणातून चार कोरे कागद काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

"आता तुमचं त्यांच्याकडं काही अडकलेलं नाही ना? मग लिहा. काय पाहिलंत ते, आणि खोटं का बोललात तेही. दोन्ही लिहा."

मी म्हणालो, "आता काय उपयोग बाई? प्रकरण बंद झालंय."

"त्यांच्याकडून झालंय," बाई म्हणाल्या.

मी दोन तास लिहीत होतो. त्या समोर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या आणि मी थांबलो की पान खाली करून बघत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं वाचलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून खोटे बोलले गेले.' ते खोडून त्यांनी मला तिथं स्वतःच्या हातानं 'मी खोटे बोललो' असं लिहायला लावलं. मग कपाटातून पाकीट काढून दिलं आणि म्हणाल्या, पोस्ट साडेचारला बंद होतं, चालत गेलात तर मिळेल.

मिळालं. रजिस्टर करून पाठवलं आणि ती पावती सविताताईंच्या घरी जाऊन त्यांना दाखवली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत दिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाकावर माझ्यासाठी सरकून जागा केली.

विद्यापीठाकडून उत्तर आलेलं नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्मरणपत्र पाठवतो. आता त्यावर सविताताईंचीही सही असते.